मदत हवी आहे: व्हीएम नॅसवरून अर्धी बूट होते आणि मधेच अडकते

काटापट्टी:

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी हिशेब बघतो. कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं, म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात पडलाय.

आमच्याकडे दोन होस्ट आहेत, दोन्हीवर केव्हीएम (एका मशीनच्या पोटात दुसरं कॉम्प्युटर चालवायची सोय). काट्याचं आणि पट्टीचं सॉफ्टवेअर एका लिनक्स व्हीएममध्ये, म्हणजे अशा पोटातल्या कॉम्प्युटरमध्ये चालतं. त्या व्हीएमला स्वतःची डिस्क नाही. नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणपेटीवर) एक लन आहे, म्हणजे डिस्कसारखा वापरायचा तुकडा. व्हीएम चालू केली की आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम) डीएचसीपीकडून नेटवर्कचा पत्ता घेतं, आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत) नॅसवर लॉगिन करतं आणि तिथूनच बूट होतं. एक होस्ट बसला तर व्हीएम दुसऱ्यावर उठवता यावी म्हणून बसवणाऱ्यांनी अशी सोय केली होती, आणि आजवर ती बिनबोभाट चालली.

परतीच्या पावसात आवारात वीज पडली आणि स्विच जळाला. तालुक्याच्या दुकानातून दुसरा आणून लावला. दिवे हिरवे आहेत, इंटरनेट चालतं, नॅसचं पान उघडतं. फक्त व्हीएम उठत नाही.

आयपीएक्सई लॉगिन करतं, 'बूटिंग फ्रॉम सॅन डिव्हाइस' असं येतं, ग्रबचा (काय बूट करायचं ते निवडायचा) मेनू येतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस (बूटपुरती तात्पुरती फाइलसिस्टम) लोड होतात. इथवर कुठेही अडखळत नाही. पुढे कर्नल परत आयस्कझी लॉगिन करतो, तेही होतं. एसडीए नावाची डिस्क दिसते, तिचा आकारही बरोबर येतो. आणि तिथेच थांबतं. थोड्या वेळाने 'पिंग टाइमआउट ऑफ ५ सेकंद एक्स्पायर्ड', मग 'डिटेक्टेड कॉन एरर (१०२२)'. हेच दोन संदेश आलटून पालटून येत राहतात. शेवटी ड्रॅकट (इनिटरॅमएफएसमधला बूट चालवणारा भाग) टाइमआउट देतं, रूटचा यूयूआयडी (मुख्य फाइलसिस्टमचा ओळख क्रमांक) सापडला नाही म्हणतं आणि इमर्जन्सी शेलमध्ये नेऊन टाकतं.

तपासून झालेलं: दोन्ही होस्टवर हेच होतं. नॅसवर इनिशिएटरचं (लॉगिन करणाऱ्या व्हीएमचं) नाव आणि चॅपचा (आयस्कझी लॉगिनचा) पासवर्ड जुनेच आहेत. नॅसच्या डिस्क ठीक दिसतात, रेडबद्दल (अनेक डिस्क एकत्र बांधायच्या व्यवस्थेबद्दल) तक्रार नाही. इमर्जन्सी शेलमधून नॅसला पिंग जातो.

बसवणारे नागपूरचे, फोन उचलत नाहीत. इकडे फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या उभ्या आहेत. काट्यावरचा पोरगा कार्बन घालून वहीत वजनं लिहितोय, भरल्या गाडीचं एका पानावर आणि खाली गाडीचं दुसऱ्या पानावर. रात्री ते जुळवताना डोळे जातात. कोणी वाट दाखवेल का?

अकोलेकर:

वीज पडली म्हणजे फाइलसिस्टम गेली समजा. लन पुसून नवी करा, इन्स्टॉल मारा, बॅकअप चढवा. यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

काटापट्टी:

दादा, बॅकअप आहे, पण तो वीज पडायच्या आदल्या रात्रीचा. त्या दिवसाच्या सगळ्या पट्ट्या लनवरच आहेत. तिला हात लावायचा तर दुसरा काहीच उपाय उरला नाही असं झाल्यावरच.

टर्मिनल_बाप्पा:

थांबा भाऊ, लन काहून पुसता? कर्नल आणि इनिटरॅमएफएस त्याच लनवरून वाचले गेले न? फाइलसिस्टम गेली असती तर रड वेगळी असती. १०२२ म्हणजे नॅसकडून वेळेत उत्तर आलं नाही एवढंच. डिस्कमध्ये काय लिहिलंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

दोन गोष्टी सांगा. ग्रबमध्ये त्या नोंदीवर 'ई' दाबून कर्नलची ओळ बघा, आयपी बरोबर चिन्हाच्या पुढे काय लिहिलंय? आणि नॅसच्या नेटवर्क पानावर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) किती आहे?

काटापट्टी:

ओळीत ईएनएस३ (नेटवर्क कार्डचं नाव), मग डीएचसीपी, मग ९०००, मधे कोलन. नॅसवरही ९०००. पण बाप्पा, एमटीयूचा घोळ असता तर ग्रब तरी कसा आला असता?

टर्मिनल_बाप्पा:

गंमत तिथंच आहे. एका बूटमध्ये आयस्कझीची लॉगिनं दोन होतात. पहिलं आयपीएक्सईचं. त्याला तुमच्या ९००० चा पत्ता नसतो, ते १५०० धरून चालतं. जोडणी करतानाच ते नॅसला सांगतं की मला एका तुकड्यात १४६० बाइटच्या वर पाठवू नका, आणि नॅस ऐकतो. म्हणून ग्रब, कर्नल, सगळं सुरळीत येतं. मग कर्नल स्वतःचं नेटवर्क उभं करतो, त्या ओळीतले ९००० वाचतो आणि नवीन लॉगिन करतो. आता नॅसला सांगितलं जातं की ८९६० पर्यंत खुशाल पाठवा.

लॉगिन, डिस्कचं नाव, आकार, हे सगळे निरोप छोटे असतात, ते निघून जातात. पार्टिशन टेबल वाचायला कर्नल ४०९६ बाइट मागतो, आणि १५०० च्या वरचा तो पहिला तुकडा स्विच गिळतो, कोणाला न सांगता. मधे राउटर असता तर 'मोठं आहे, लहान करा' असा निरोप तरी परत आला असता. स्विच तसा निरोप देत नाही. आयस्कझी टीसीपीवर चालतं, आणि टीसीपीत हरवलेला तुकडा मिळाल्याशिवाय मागचं काही वर पोचत नाही, त्यामुळे आयस्कझीच्या पिंगचं उत्तरही त्याच्यामागे अडकतं. मग ५ सेकंद, मग १०२२, मग पुन्हा तेच.

तुमचा साधा पिंग ५६ बाइटचा, त्याला काय होतंय! होस्टवरून नॅसचा पत्ता देऊन असा मारा: पिंग -एम डू -एस ८९७२. त्यात हेडरचे २८ मिळवले की ९००० होतात. 'मेसेज टू लाँग' आलं तर दोष होस्टच्या ब्रिजमध्ये (व्हीएमला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागात). काहीच न येता पॅकेट नुसती हरवली तर दोष स्विचमध्ये. मग १४७२ ने मारून बघा.

काटापट्टी:

८९७२ ला एकही उत्तर नाही, १०० टक्के लॉस. १४७२ ला सगळी उत्तरं. दुसऱ्या होस्टवरूनही तसंच. स्विच उलटा करून बघितला, नुसता साधा डबा आहे, त्यात लॉगिन करून काही बदलायची सोयच नाही.

टर्मिनल_बाप्पा:

मग सापडला चोर. आज व्हीएमला हात लावू नका. व्हीएम बंद ठेवा, नॅसच्या पानावर त्या पोर्टचा एमटीयू १५०० करा, मग व्हीएम चालू करा. व्हीएमच्या बाजूला ९००० राहिले तरी आज चालेल. टीसीपीत दोघांपैकी जो लहान आकडा सांगतो त्याच्यावर दोघं चालतात, मग नॅस लहान पाठवणार आणि व्हीएमही नॅसला लहानच पाठवणार. नॅसवर दुसरं कोणी काम करत असेल तर त्याला आधी सांगा, बदल करताना जोडणी क्षणभर तुटते.

अकोलेकर:

पण जंबो फ्रेम (१५०० च्या वरची पॅकेट) काढल्या तर स्पीड पडेल न?

टर्मिनल_बाप्पा:

गिगाबिटवर काटापट्टी छापायला? कोणाला कळणार बी नाई.

काटापट्टी:

उठली! फाइलसिस्टमने जर्नल रिकव्हर केलं आणि लॉगिनची ओळ आली. वीज पडली त्या दिवसाच्या पट्ट्या जशाच्या तशा आहेत. काट्यावर प्रिंटर सुरू झालाय, वहीतली वजनं आता एकेक करून चढवतोय. बाप्पा, तुमचे फार आभार.

एक राहिलं. व्हीएममधले ९००० तसेच ठेवू की काढू?

टर्मिनल_बाप्पा:

काढा, पण गाड्या उभ्या असताना नको. उद्या कोणी नॅसवर परत ९००० केले की हेच पुन्हा होईल. आणि मी सांगितलेलं टीसीपीचं आहे, यूडीपीवर (डेटा पाठवायची दुसरी पद्धत) मोठं काही चालत असेल तर त्याला हे संरक्षण नाही. रात्री काटा बंद झाल्यावर आधी बॅकअप घ्या, मग दोन ठिकाणी बदला. एक, ग्रबच्या मूळ सेटिंगमध्ये. नुसतं 'ई' दाबून बदललेलं त्या एका बूटपुरतंच टिकतं. दोन, व्हीएमच्या आतल्या नेटवर्क प्रोफाइलमध्ये. तिथं राहिलं तर मशीन उठल्यावर आकडा परत ९००० वर जाईल. मग रीबूट करा आणि 'आयपी लिंक' कमांडमध्ये ईएनएस३ पुढे १५०० दिसतंय का ते बघा. पुढं कधी जंबो परत पाहिजेच असेल तर स्विच घेताना दुकानदाराला विचारू नका, त्या मॉडेलच्या डेटाशीटमध्ये जंबो फ्रेमचा आकडा पाहा.