शफलवर आलेली पाच गाणी, आणि कहाण्यांचा कंटाळा

धंतोलीकर
माझ्या संग्रहात गाणी रग्गड आहेत, शिस्त मात्र अजिबात नाही. वडिलांच्या कॅसेटींवरून उतरवलेलं, मित्रांनी पेनड्राइव्हवर दिलेलं, स्वतः विकत घेतलेल्या सीड्या, सगळं एकाच फोल्डरात कोंबलेलं. रात्री जेवणं आटोपली की कूलर बंद करतो, शफल लावतो आणि येईल ते मुकाट ऐकतो. पुढे ढकलायचं नाही, एवढा एकच नियम. (मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करणाऱ्याला घरचे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण कूलरच्या घरघरीत तंबोरा आणि तबल्याचा डग्गा दोन्ही बुडतात, उरतात नुसते शब्द.)

परवा आलेली पाच:

'मलमली तारुण्य माझे'. 'घरकुल' चित्रपट, सुरेश भटांचे शब्द, सी. रामचंद्रांची चाल. आशाबाई इथे आवाज लावतच नाहीत, नुसता सोडून देतात. संगत तुम्ही करायची.

'ऐरणीच्या देवा'. 'साधी माणसं', 1965, शब्द जगदीश खेबुडकरांचे. संगीतकार आनंदघन, म्हणजे लताबाईच. घाम गाळणाऱ्या माणसांचं गाणं, पण कुठेही दमलेलं वाटत नाही.

'भय इथले संपत नाही'. ग्रेस, हृदयनाथ, लताबाई. कवितेत 'मी संध्याकाळी गातो' आहे आणि लताबाई 'गातो'च म्हणतात. इतकी वर्षं ऐकतोय, कधी खटकलं नाही.

'शुक्रतारा मंद वारा'. पाडगावकर, खळे, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. माझ्याकडची प्रत वडिलांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली. मध्येच आमच्या कुकरची शिट्टी होते आणि पाठोपाठ आईचं 'गॅस बारीक करा'. आता मूळ ध्वनिमुद्रण कुठे ऐकलं तर शिट्टीच्या जागी मला रिकामं रिकामं वाटतं.

'अजुनी रुसून आहे'. कवी अनिल, गायक कुमार गंधर्व. खरा विषय इथून सुरू होतो. या गाण्याची एक कहाणी फोनवर फिरत असते. कवी घरी येतात, पत्नी बोलत नाही, त्यांना वाटतं रुसली, प्रत्यक्षात ती गेलेली असते, आणि त्या क्षणी ही कविता सुचते. मध्यंतरी एका कार्यक्रमात निवेदकाने हीच कहाणी इतकी रंगवली की गायकाने तोंड उघडायच्या आत माझ्या रांगेतले रुमाल बाहेर आले होते. आता कविता उघडून बघा. समजूत मी काढावी म्हणूनच तू रुसायचीस, असं तो तिला म्हणतो. या अबोल्यामागे काही गूढ डाव तर नाही ना, माझा ठाव घेणं तर चाललेलं नाही ना, असंही विचारतो. हा रुसव्याने कासावीस झालेला नवरा आहे. तो लाडीगोडी लावतोय, घाबरतोय, पुन्हा लाडीगोडी लावतोय. एकदा ती कहाणी कानात शिरली की यातलं काही ऐकू येत नाही, नुसतं प्रेत दिसतं.

म्हणून माझं मत: गाण्याभोवतीच्या कहाण्या गाणं खाऊन टाकतात. शफल मला आवडतं ते याचसाठी. निवेदक नाही, प्रसंग नाही, गाणं एकटं येतं.

मारवा
धंतोलीकर, फोनवरच्या कहाणीबद्दल तुमच्याशी भांडणार नाही. ती जाऊ द्या खड्ड्यात. पण तुम्ही कहाणी आणि माहिती एकाच टोपलीत टाकलीत, आणि माझी तक्रार तिथे आहे.

कुमारजींचंच घ्या. ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठलं, हवापालट म्हणून देवासला जाऊन राहावं लागलं, काही वर्षं गाणं बंद होतं. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं. पुन्हा गायला लागले ते छोट्या छोट्या, तोडलेल्या स्वरवाक्यांनी. मला हे ठाऊक नव्हतं तेव्हा त्यांचं गाणं मला लहरी वाटायचं. मध्येच का सोडतात, पुढे का जात नाहीत, असं व्हायचं. कळल्यावर त्या थांबण्यातली आखणी ऐकू यायला लागली. माझ्या कानाला तर माहितीने काहीतरी जास्तच दिलं.

आणि तुम्ही स्वतः काय केलंत? प्रत्येक गाण्यापुढे कवी, संगीतकार, चित्रपट लिहिलात. आनंदघन म्हणजे लताबाई हे आवर्जून सांगितलंत. कशाला? 'एक बाई गाते आहे' एवढं लिहून सोडायचं होतं.

बर्डीचा बाळ्या
काऊन बाप्पा, येवढे काऊन तापून रायले तुमी? गाणं लागलं, आयकलं, झोपून गेलो, माह्या हिशेबानं विषय खतम.

पण एक सांगतो. मुंबई-पुण्याच्या लोकाईसाठी ग्रेस अन् भट हे कॅसेटच्या कव्हरावरचं नाव असतीन. आमच्यासाठी ते गावातले माणसं होते. ग्रेस सर मॉरिस कॉलेजात शिकवत, माहा मामा त्यायच्या वर्गात होता. मामा म्हणे, कविता कायी समजे नाई, पण तासाले दांडी मारावी वाटे नाई. मंग टीव्हीवर 'महाश्वेता' मालिका लागली तवा शीर्षकगीत 'भय इथले संपत नाही' आयकून मामा ताटावरून उठला, म्हणे हे आमच्या सरायचं! आता मले सांगा, ते गाणं मी मामाले सोडून कसं आयकू? फोनवरची कहाणी खोटी असन, मामा तं खरा हाये न.

धंतोलीकर
बाळ्याभाऊ, मामा खरा आहे, पण तो तुमचा आहे. तुमच्या कानात तो खुशाल राहू दे. निवेदक मात्र तुमचा मामा माझ्या कानात बसवतो आणि वर तिकिटाचे पैसे घेतो, हे मला चालत नाही.

मारवाताई, आनंदघनचं मी मुद्दाम लिहिलं, आणि माझ्या बाजूने लिहिलं. लताबाईंनी टोपणनाव घेतलं होतं. पडद्यामागे कोण आहे हे माहीत नसलेल्या लोकांनीही 'ऐरणीच्या देवा' डोक्यावर घेतलं. 'गाणारीच संगीतकार आहे बरं का' ही कौतुकाची कहाणी नसतानाही गाणं स्वतःच्या पायावर उभं होतं. नावं लिहिली ती श्रेय म्हणून. ज्याचं काम त्याचं नाव, याला मी कहाणी म्हणत नाही.

कुमारजींचं म्हणाल तर, ते थांबणं मला आजाराची गोष्ट कळायच्या आधीच भिडलं होतं. 'अजुनी रुसून आहे'मधल्या 'खुलेना' नंतर जी जागा सुटते ना, तिथे तो उत्तराची वाट बघतोय असं मला वाटायचं. फुफ्फुसाचं कळल्यापासून त्याच जागेवर मला डॉक्टर दिसतो. तुम्हाला आखणी मिळाली, माझा रुसलेला संसार गेला. नफा की तोटा, तुम्हीच सांगा.

मारवा
डॉक्टर दिसतो हा तुमच्या कल्पनाशक्तीचा दोष, माहितीचा नव्हे!

बरं, मग कुकरच्या शिट्टीचं काय? वडील, आई, रेडिओ, गॅस. 'शुक्रतारा'भोवती तुम्ही तर अख्खं घर उभं केलंत. पाडगावकरांनी शिट्टी लिहिली नव्हती, खळ्यांनी बांधली नव्हती. तरी ती नसली की तुम्हाला गाणं रिकामं वाटतं. म्हणजे कहाणी तुम्हालाही हवी आहे, फक्त ती तुमच्या स्वयंपाकघरातली असली पाहिजे.

धंतोलीकर
शिट्टी टेपमध्ये आहे, ताई. मी ती कुणाकडून ऐकलेली नाही, गाण्याबरोबर ऐकली आहे, दर वेळी त्याच जागी. प्ले केलं की वाजते. अनिलांची कहाणी कोणत्या सेकंदाला वाजते ते दाखवा, मी लगेच मान्य करतो.

महालची सून
तुमच्या वादात मी वेगळंच भांडण घेऊन आले आहे. शफल! माझ्या नवऱ्याने गेल्या रामनवमीला गाडीतल्या पेनड्राइव्हवर गीतरामायण लावलं आणि शफल काढायला विसरला. 'सेतू बांधा रे सागरी' झालं आणि पाठोपाठ 'राम जन्मला ग सखी'. मागच्या सीटवर सासूबाई. त्या म्हणाल्या, 'अगंबाई, वानर आधी आणि राम मागून?' घरी पोचेपर्यंत त्यांनी 'मज सांग लक्ष्मणा' लागू दिलं नाही. म्हणाल्या, सीतेला रानात सोडायच्या आधी तिचं लग्न तरी ऐकवा.

हसण्यावारी नेऊ नका. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर हे दर आठवड्याला एक असं लागत होतं, पुढे वर्षभर. छप्पन्न गाणी. लोक पुढच्या गाण्याची आठवडाभर वाट बघत. 'पराधीन आहे जगती' हे राम भरताला सांगतो आहे. आधी काय घडलंय, भरत वनात का आलाय, हे मागे नसेल तर ते नुसतं गोड आवाजातलं तत्त्वज्ञान होतं. धंतोलीकर म्हणतात गाणं एकटं येऊ द्या. सगळी गाणी एकटी राहायला जन्मलेली नसतात. काहींना मागेपुढे भावंडं असतात.

बर्डीचा बाळ्या
सासूबाईले आपला दंडवत! 'वानर आधी अन् राम मागून' हे तं दुकानाच्या पाटीवर लिवून ठेवन मी.

गणिती
एक तांत्रिक कुरकुर. माझ्या फोनवर परवा आशाबाईंची तीन गाणी लागोपाठ आली तेव्हा बायको म्हणाली, शफल बिघडलं. बिघडलेलं नव्हतं. संग्रहातलं दर चौथं गाणं आशाबाईंचं असेल तर कुठलीही सलग तीन त्यांचीच निघण्याची शक्यता साधारण 64 त 1 असते. रात्रभर गाणी लावणाऱ्याला हा योग येणारच. लोकांच्या अशाच तक्रारी आल्यावर ॲपलने 2005 मध्ये शफल 'कमी यादृच्छिक' करून दिलं, म्हणजे ते जास्त यादृच्छिक वाटेल. तेव्हा धंतोलीकर ज्याला 'एकटं आलेलं गाणं' म्हणतात त्याच्या पाठीशीही कुणीतरी बसून क्रम लावलेला असतो. निवेदक तिथेही आहे, फक्त बोलत नाही.

धंतोलीकर
न बोलणारा निवेदक मला चालेल! आणखी काय मागतोय मी?

महालच्या सूनबाई, गीतरामायणापुरतं तुमचं म्हणणं ठीक. ती एकच मोठी रचना आहे, छप्पन्न तुकड्यांची. पण तीच सूट निवेदक मंडळी सगळीकडे घेतात. भटांची गझल घ्या. गझलेतला प्रत्येक शेर आपापल्या पायावर उभा असतो, तो त्या प्रकाराचा कायदाच आहे. तरी कार्यक्रमात 'ही भटांनी कोणत्या रात्री लिहिली' हे ऐकल्याशिवाय सुटका नाही. शेराला भावंडं नकोत आणि जन्मपत्रिकाही नको.

मारवा
जन्मपत्रिका नको, कबूल. पण 'उषःकाल होता होता' मी माझ्या भाचीला नुसतं ऐकवलं तर ती म्हणाली, छान आहे, पहाटेचं गाणं आहे का? हे गाणं ज्यात आहे तो 'सिंहासन' चित्रपट काय, ते राजकारण काय, त्या काळातल्या माणसांना काय मिळेल असं वाटलं होतं आणि काय मिळालं, हे सांगावं लागलं. मग तिने पुन्हा लावलं आणि त्या वेळी मान खाली घालून ऐकलं. मी काही खाऊन टाकलं नाही. वाढलं. तुम्ही शफल लावा, माझी हरकत नाही, पण पोरांच्या हातात नुसतं शफल देऊन उठू नका.

धंतोलीकर
आधी ऐकवलंत, मग सांगितलंत, मग पुन्हा ऐकवलंत. हा क्रम मला मंजूर आहे. माझं भांडण आधी सांगणाऱ्यांशी आहे. भाचीला पहिल्यांदा जे वाटलं ते वाटू दिलंत, हेच ते निवेदक करत नाहीत.

मारवा
म्हणजे निम्मं तरी मान्य. उरलेल्या निम्म्यासाठी 'अजुनी रुसून आहे' पुन्हा ऐकून येते, कूलर बंद करून. मग भांडू.

गणिती
सूनबाई, तुमच्या नवऱ्याला सांगा, गीतरामायणाचं फोल्डर वेगळं काढून फाइलींच्या नावापुढे 01, 02 असे दोन आकडे टाका. नुसतं 1, 2 टाकलं तर बऱ्याच गाड्यांतले प्लेअर 1 नंतर थेट 10 लावतात, आणि शफल बंद असूनही सासूबाई पुन्हा चिडतील.