'द कॅसल ऑफ कॅग्लिओस्ट्रो': चोराला जरा जास्तच धुऊन काढलाय का?

रातकिडा:
जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा हा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट, १९७९चा. काल परत पाहिला. गाड्यांच्या पाठलागाला तोड नाही. पण मंकी पंचच्या मूळ मांगातला (जपानी चित्रकथेतला) चोर ल्यूपिन म्हणजे लबाड, बायकांमागे धावणारा, वेळ पडली तर निर्दयी. इथे तोच मनोऱ्यात कोंडलेल्या राजकन्येला सोडवणारा सज्जन काका! मियाझाकींना स्वतःची परीकथा सांगायची होती, ल्यूपिन आयता हाताशी लागला. माझ्या मते ही फसवणूक आहे.

कुलूपकिल्ली:
साफ असहमत. शेवट आठवा. ती राजकन्या, क्लॅरिस, म्हणते, मला सोबत न्या, चोरी शिकेन. ती बिलगते, त्याचे हात तिच्या पाठीमागे जातात आणि तिथेच अधांतरी थरथरत राहतात. मिठी मारत नाही. सज्जन काकाला एवढा घाम फुटला नसता हो! आतला जुना ल्यूपिन जिवंत आहे म्हणून तर ते दृश्य चटका लावतं.

आणि सुरुवात? कॅसिनो लुटून गाडी नोटांनी खच्चून भरलेली, नोटा खोट्या निघाल्यावर सगळ्या वाऱ्यावर सोडतो. हा चोरच.

जुनीरीळ:
धुलाई १९७९ची नाही. १९७१च्या ल्यूपिनच्या टीव्ही मालिकेत मियाझाकी आणि त्यांचे सहकारी दिग्दर्शक ताकाहाता मधेच दिग्दर्शनाला आले, तेव्हापासूनच ल्यूपिन मवाळ व्हायला लागला. चित्रपटात त्याचा कोटही त्याच मालिकेतला, हिरवा. तेव्हा टीव्हीवर चालू असलेल्या ल्यूपिनच्या दुसऱ्या मालिकेत तो लाल होता.

रातकिडा:
कोटाचं लक्षात आलं नव्हतं, मान्य. पण क्लॅरिसचं काय? सुरुवातीला लग्नाच्या पोशाखात स्वतः सित्रोएन गाडी पिटाळते, आणि मग कोंडल्यावर नुसती वाट बघते. पाच वर्षांनी आलेली मियाझाकींचीच नायिका नौसिका बघा, कुठे ही नि कुठे ती!

कुलूपकिल्ली:
नुसती वाट? ल्यूपिनला गोळी लागते तेव्हा त्याच्यावर आडवी कोण पडते?

जुनीरीळ:
तुम्ही दोघं भांडा. माझा जीव इन्स्पेक्टर झेनिगातावर. खोट्या नोटांचा छापखाना सापडतो, पण वरिष्ठांना राजकारण आडवं येतं. मग गडी टीव्ही कॅमेऱ्यासमोर ल्यूपिनला शोधता शोधता 'चुकून' तिथे पोचल्याचं नाटक करतो, तेही इतक्या भिकार अभिनयाने की दर वेळी मी हसून फुटतो.

रातकिडा:
झेनिगातावर आपलं एकमत. काका मात्र काकाच!