नॉरफोकमधले खापरपणजोबा: लग्नाच्या नोंदीतलं वडिलांचं नाव खरं धरायचं का?

रानजाई
नमस्कार मंडळी. नवऱ्याचं घराणं मूळचं इंग्लंडमधल्या नॉरफोक काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं), स्वॉफमच्या आसपासच्या एका छोट्या गावातलं, पिढ्यान्‌पिढ्या सगळे शेतमजूर. सासरे आता ऐंशीच्या पुढे गेलेत, आपली माणसं कोण होती, कशी राहायची हे त्यांना कळावंसं फार वाटतं म्हणून मी हे अंगावर घेतलं आणि आता मलाच त्याचा नाद लागलाय. नवऱ्याच्या खापरपणजोबांपर्यंत सेन्ससमधून नीट पोचले. १८५१ ला ते एका शेतावर गडी म्हणून राहतायत, १८४१ ला आई आणि ते एका म्हाताऱ्याच्या घरात, बहुतेक आईचे वडील. बाप्तिस्मा १८२८ चा, नोंदीत फक्त आईचं नाव, अविवाहित असं लिहिलंय, वडिलांचा पत्ता नाही. पण १८५३ च्या लग्नाच्या नोंदीत वडिलांच्या रकान्यात पूर्ण नाव आहे, आडनाव यांचंच, धंदा मजूर. मग हेच वडील का? आणि नसतील तर पुढे कुठे शोधायचं? त्या काळी ते गाव कसं होतं हेही बघायचंय.

जुनी_दप्तरं
रानजाई, ते नाव लगेच वंशवृक्षात घालू नका. १८३७ पासून लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहायचे, पण नवरामुलगा तोंडाने सांगेल तेच लिहायचे, पडताळणी कोणी करत नसे. लग्नाशिवाय झालेली माणसं रकाना रिकामा ठेवायची, नाहीतर चारचौघांत शोभा नको म्हणून आजोबांचं किंवा सावत्र वडिलांचं नाव सांगायची. तुमच्या केसमध्ये तर मुलाने आडनाव आईचं लावलेलं, आणि वडिलांचंही तेच! म्हणजे पहिला संशय आईच्या वडिलांवरच. १८४१ मधल्या त्या म्हाताऱ्याचं पहिलं नाव काय आहे ते बघा. त्या सेन्ससमध्ये नातं लिहिलेलं नसतं आणि पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवलेली असतात, त्यामुळे वयावर फार विसंबू नका. आईने नंतर लग्न केलं का तेही शेजारच्या गावांच्या रजिस्टरमध्ये तपासा, फ्रीरेज या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, सगळी गावं तिथे नाहीत पण सुरुवात तिथून करा.

रानजाई
आत्ताच बघितलं, म्हाताऱ्याचं नाव अगदी तेच आहे आणि तोही मजूर! म्हणजे त्यांनी आजोबांचं नाव सांगितलं. वाईट वाटलं, पण ज्यांनी वाढवलं त्यांचंच नाव दिलं, हे सासऱ्यांना सांगितलं तर ते खूश होतील. मग खरे वडील सापडण्याची आशाच नाही का?

पॅरिशचा_पेटारा
आशा आहे, आणि चांगली आहे, कारण जन्म १८३४ च्या आधीचा आहे. हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो. १८३४ ला गरिबांचा कायदा बदलला, त्याआधी प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाला, आपल्या गरिबांचा खर्च स्वतः उचलावा लागायचा आणि तो पैसा गावातल्याच शेतकऱ्यांकडून कराने गोळा व्हायचा. त्यामुळे बाईला लग्नाआधी दिवस गेले की गावचे ओव्हरसीअर, म्हणजे हा गरिबांचा खर्च बघणारे, तिला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून शपथेवर विचारायचे, मूल कोणाचं. बाप कळला की त्याच्याकडून बॉन्ड, म्हणजे खर्चाचं हमीपत्र, लिहून घ्यायचे, नाहीतर आठवड्याला अमुक शिलिंग द्यायचे असा हुकूम काढायचे. तिच्यावर काय प्रसंग येत असेल ते कागद वाचताना फार जाणवतं. पण याच कारणामुळे शेतमजुराच्या घरचे कागद कधीकधी खात्यापित्या शेतकऱ्यापेक्षा जास्त मिळतात, कारण खर्च कोणावर पडणार हा प्रश्न होता.

आणखी एक, १८३४ पर्यंत लग्नाशिवाय जन्मलेलं मूल जिथे जन्मलं त्या पॅरिशचं धरलं जायचं. म्हणून गरोदर बाईला बाळंतपणाआधी तिच्या मूळ पॅरिशमध्ये पाठवून द्यायचे, त्याचे रिमूव्हल ऑर्डर वेगळे असतात. त्यामुळे खापरपणजोबांची आई १८२७-२८ ला दुसऱ्याच गावी कामाला असू शकते, आणि वडील त्या गावचे.

हे सगळं नॉरिचला नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसमध्ये, काउंटी हॉलच्या शेजारी. १९९४ ला तिथल्या सेंट्रल लायब्ररीला आग लागली तेव्हा कागदपत्रं तळघरात होती म्हणून वाचली, तेव्हा सगळं जळलं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ऑनलाइन कॅटलॉगमध्ये गावाचं नाव टाका, पॅरिशच्या कागदांचा नंबर पीडी अक्षरांनी सुरू होतो, त्यात ओव्हरसीअरच्या हिशेबाच्या वह्या आणि बॅस्टर्डी पेपर, म्हणजे लग्नाशिवाय झालेल्या मुलांचे वर सांगितले तसले कागद, आहेत का बघा. काही गावांचं काहीच उरलेलं नाही. तसं असेल तर क्वार्टर सेशन्सचे, म्हणजे दर तिमाहीला भरणाऱ्या कोर्टाचे, कागद बघायचे, ते पूर्ण काउंटीचे असतात, वेळ जास्त लागतो.

शिवारफेरी
गावाबद्दल मी सांगते. १८३६ च्या कायद्यानंतर टाइद मॅप, म्हणजे चर्चला द्यायच्या दशांशासाठी केलेले जमिनीचे नकाशे, झाले, त्यात एकेका तुकड्याला नंबर आणि सोबतच्या यादीत मालक, कसणारा, शेताचं नाव, नांगरट आहे का कुरण हे सगळं. नॉरफोकचे बरेच नकाशे काउंटी कौन्सिलच्या साइटवर आहेत, १९४६ चे विमानातून काढलेले फोटोही, दोन्ही शेजारी ठेवून बघा, अर्धे बांध तेव्हा तसेच होते. पण मजुरांच्या झोपड्या बऱ्याचदा एका नंबरखाली एकत्र टाकलेल्या असतात, तेव्हा नाव दिसलं नाही तर निराश होऊ नका. यादीत गावची जमीन किती जणांची आहे ते आवर्जून मोजा. सगळी एकाच जमीनदाराची असेल तर ते बंद गाव, तिथे कर वाढू नये म्हणून मजुरांना घरंच बांधू द्यायचे नाहीत, मग ती माणसं लांबच्या खुल्या, म्हणजे अनेक मालकांच्या, गावात राहून रोज चालत कामाला यायची. तुमच्या भागात कॅसल एकर तसं खुलं गाव होतं, तिथून बायकामुलांच्या टोळ्या शेतात तण काढायला, दगड वेचायला जायच्या, १८४३ च्या सरकारी अहवालात ते आलंय. त्या आईने असंच काम केलं असेल का हे तुम्हाला तिथूनच कळेल.

गावांची स्पेलिंग जपून. विंडम म्हणतात ते लिहितात वायमंडहॅम, हेझब्रो म्हणतात त्याचं लिखाण हॅपिसबर्ग. सेन्ससवाल्याने कानावर पडेल ते लिहिलं असलं तर जन्मगाव शोधताना दोन्ही तऱ्हा टाकून बघा.

रानजाई
कॅटलॉगमध्ये गाव सापडलं! हिशेबाची वही १८१९ ते १८३६ आणि एक गठ्ठा बॅस्टर्डी पेपरचा, पण त्यावर वर्षं १७९० च्या आसपासची. मग गठ्ठा मागवायचा का नुसती वही?

पॅरिशचा_पेटारा
दोन्ही मागवा, गठ्ठ्यांवरची वर्षं कधीकधी पहिल्या एकदोन कागदांवरूनच टाकलेली असतात. पण तुमचा जीव वहीत आहे. बाप्तिस्म्याच्या आधीपासून, म्हणजे १८२७ च्या उन्हाळ्यापासून पानं बघायला लागा, आईच्या नावापुढे आठवड्याचे पैसे दिसतात का, आणि मुख्य म्हणजे जमेच्या बाजूला तेवढीच रक्कम कोणाकडून येतेय. ती जमा ज्याच्या नावावर, तो बहुतेक तुमचा माणूस. मग ते नाव १८४१ च्या सेन्ससमध्ये शोधा आणि सासऱ्यांची डीएनए टेस्ट आत्ताच करून ठेवा, ते एक पिढी जवळ आहेत. आडनावाची ओळ सरळ मुलाकडून मुलाकडे आली असेल तर वाय डीएनएसुद्धा, म्हणजे फक्त बापाकडून मुलाकडे जाणारा, कामी येईल. जायच्या आधी जागा बुक करा, आर्काइव्ह्ज कार्डासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, आत फक्त पेन्सिल.

रानजाई
पुढच्या महिन्याची जागा घेतली. सासरेही येतो म्हणालेत.