मदत हवी आहे : दूध पिताना दमणारे बाळ, एकाच बाजूला वळलेली मान आणि ‘होलिस्टिक’ ऑक्युपेशनल थेरपी

नमस्कार.

माझा मुलगा १९ आठवड्यांचा आहे. त्याचा जन्म ३५व्या आठवड्यात झाला, त्यामुळे डॉक्टर त्याचे दुरुस्त वय, म्हणजे पूर्ण दिवस भरले असते त्या तारखेपासून मोजलेले वय, १४ आठवडे धरतात; पुढचे वाचताना कृपया तेच वय लक्षात ठेवावे. जन्मवजन २.१ किलो होते, आज ५ किलो आहे. पहिल्या तीन महिन्यांत वजन दिवसाला सरासरी २५ ग्रॅमने वाढत होते. गेल्या चार आठवड्यांत मात्र सगळी मिळून वाढ ३०० ग्रॅमच भरली आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

एक वेळचे पाजणे पाऊण तास चालते. पहिली पाच-सात मिनिटे तो घाईघाईने ओढतो, मग जीभ सुटल्यासारखा ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो, ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून दूध ओघळते आणि थोड्याच वेळात तो पाठीची कमान करून मागे रेलतो. डावीकडे घेतले तर पुष्कळ बरा पितो, उजवीकडे घेतले की तोंड लावण्याआधीच रडू लागतो. काढलेले दूध बाटलीने दिले तरी फारसा फरक पडत नाही. झोपेत मात्र तो विनातक्रार पितो, आणि खरे सांगायचे तर गेले तीन आठवडे मी त्या झोपेतल्या पाजण्यावरच निभावून नेते आहे.

एक गोष्ट मी इतके दिवस या अडचणीशी जोडलीच नव्हती. उताणा असताना त्याची मान बहुतेक वेळ उजवीकडे असते, डोक्याचा मागचा उजवा भाग किंचित चपटा झाला आहे, आणि पालथे घातले की तो इतका रडतो की आम्ही ते बंदच केले. हात तोंडाकडे नेण्याची हौसही त्याला कमीच आहे.

बालरोगतज्ज्ञांनी हृदय, लघवी आणि संसर्ग या बाजूंनी तपासणी केली. त्यात काही निघाले नाही. दूध वर येत असावे म्हणून दिलेल्या औषधाने दोन आठवड्यांत फरक पडला नाही. मध्यंतरी एका ठिकाणी तोंडात बोट घालून पाच मिनिटांत ‘जिभेखालचा पडदा आखूड आहे, कापून टाकू’ असे सांगण्यात आले. तो दूध कसा पितो, हे तिथे कोणी पाहिलेसुद्धा नाही. आता बालरोगतज्ज्ञांनी एका ऑक्युपेशनल थेरपिस्टचे नाव सुचवले आहे, आणि त्या ‘होलिस्टिक’ पद्धतीने काम करतात असे त्यांच्या माहितीपत्रकात लिहिले आहे.

मराठीत या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. ज्याला अजून स्वतःची मूठ सापडलेली नाही त्याचा व्यवसाय कोणता, असे आमच्या घरात सगळ्यांनी विचारून झाले आहे. पण माझा प्रश्न गंभीर आहे. दूध तोंडाने प्यायचे असताना मान, पाठ, हात, झोप आणि माझी बसण्याची पद्धत हे सगळे पाहण्यात खरोखर अर्थ आहे, की ‘समग्र’ या शब्दाखाली काहीही खपवले जाते? पहिल्या भेटीत मी काय विचारावे, आणि जिभेचा पडदा कापण्याचा निर्णय तोवर थांबवावा का?

प्रतिसाद : पाणकणीस

मी लहान बाळांसोबत काम करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. बाळ न पाहता निदान करणे योग्य नाही, म्हणून फक्त विचाराची दिशा सांगते.

‘व्यवसाय’ हा शब्द इथे दिशाभूल करतो. माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती कामे, असा त्याचा मूळ अर्थ आहे. आणि तुमच्या मुलाच्या दिवसात पिणे, झोपणे, पाहणे आणि कुशीत असणे एवढीच कामे आहेत. पैकी पिणे सर्वांत अवघड. दूध येत असताना बाळ साधारण सेकंदाला एकदा चोखते आणि त्या लयीत गिळणे व श्वास हे दोन्ही बसवावे लागतात, कारण गिळताना श्वास क्षणभर थांबतो. हा मेळ साधारण गर्भारपणाच्या ३४व्या आठवड्याच्या आसपास बसू लागतो आणि पुढेही पक्का होत राहतो. म्हणजे तुमचा मुलगा तो जेमतेम जमू लागला असतानाच बाहेर आला.

मग आत्ताच का बिघडले? पहिले काही आठवडे चोखणे ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. तोंडात काही आले की ते आपोआप सुरू होते. तीन-चार महिन्यांच्या सुमारास ही आपोआप होणारी क्रिया ओसरते आणि पिणे बाळाच्या इच्छेवर व कौशल्यावर येते. आतापर्यंत झाकलेली अडचण तेव्हा उघडी पडते. तो झोपेत नीट पितो, यामागेही हे एक कारण असू शकते.

मानेचा संबंध मला तुमच्या वर्णनात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मान सतत उजवीकडे वळलेली असेल तर आखडलेला स्नायू बहुधा डावीकडचा असतो, कारण तो डोके विरुद्ध बाजूला वळवतो. नेहमीसारखे आडवे घेतल्यावर डाव्या बाजूला प्यायला बाळाला मान उजवीकडे चालते; उजव्या बाजूला मात्र ती डावीकडे न्यावी लागते. त्याचे रडणे हट्टाचे नसून ओढ बसण्याचे असेल. एक प्रयोग लगेच करता येईल : डावीकडे तो ज्या स्थितीत पितो, त्याच स्थितीत, न वळवता, त्याला अलगद उजवीकडे सरकवा, म्हणजे त्याचे पाय तुमच्या उजव्या काखेखालून मागे जातील. तो शांतपणे प्यायला लागला तर तक्रार बाजूची नव्हती, मानेची होती.

मान वाकडी असली की जबडा एका अंगाने उघडतो, ओठांची पकड एका कोपऱ्यात सुटते आणि तिथून दूध ओघळते. धडाला आधार नसला की बाळ खांदे वर ओढून, पाठ ताणून स्वतःला सावरते, आणि मागे रेललेल्या मानेने गिळणे कठीण जाते. म्हणून आम्ही तोंडाकडे सर्वांत शेवटी येतो.

पहिल्या भेटीला बाळाला भूक लागेल अशी वेळ मागून घ्या. पिण्याची एक पूर्ण वेळ न पाहता जो उपचार सुरू करतो त्याच्याकडे ‘समग्र’ काही नाही, पाटीवर काहीही लिहिलेले असो.

प्रतिसाद : उंबरठा

मी बालरोगतज्ज्ञ आहे. वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त काही सीमा आखून द्याव्यात असे वाटते.

पिताना ओठांभोवती निळसर होणे, श्वास थांबणे, प्रत्येक वेळी पिण्यानंतर छातीत घरघर, वारंवार न्यूमोनिया, हिरवी किंवा जोराची उलटी, किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर थेरपीची वाट पाहू नये. दूध श्वासनलिकेत जाऊनही काही बाळे खोकत नाहीत, त्यामुळे ‘ठसका लागत नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. शंका असल्यास गिळण्याची क्रिया क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात पाहण्याची तपासणी करतात.

जिभेच्या पडद्याबाबत अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने २०२४ मध्ये दिलेला अहवाल सावध आहे : जीभ बांधलेली दिसणे वेगळे आणि त्यामुळे पिण्यात अडथळा येणे वेगळे. खरोखर अडथळा असेल तर छेद उपयोगी पडतो. पण आधी पिणे पाहावे, इतर कारणे शोधावीत. तुमच्या बाबतीत दोन आठवडे थांबल्याने नुकसान होण्यासारखे मला काही दिसत नाही, मात्र दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन व्हायला हवे.

‘होलिस्टिक’ या शब्दाविषयी तुमची शंका रास्त आहे. कवटीची हाडे हलक्या हाताने ‘मोकळी’ करून पिणे सुधारते, या दाव्याला भक्कम पुरावा नाही. ज्ञानेंद्रियांच्या समन्वयाचा, म्हणजे स्पर्श, हालचाल अशा संवेदना मेंदू कशा जुळवतो याचा, विचार ए. जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने मांडला आणि तो मोलाचा आहे, पण त्यांचे मूळ काम शिकण्यात अडचणी असलेल्या मोठ्या मुलांवरचे होते. त्याचा आधार सांगून तान्ह्या बाळाच्या तोंडात थरथरणारी उपकरणे घालू नयेत.

मान वळू नये म्हणून झोपेत उशा किंवा गुंडाळ्या लावू नका. झोप नेहमी उताणीच, सपाट जागेवर. पालथे घालणे फक्त जागेपणी आणि तुमच्या नजरेसमोर.

प्रतिसाद : एक बाबा

आमची मुलगी याच वयात बाटली पाहूनच रडायची. आम्ही मिलिलिटर मोजत होतो आणि तिने तोंड फिरवले तरी ‘एवढेच राहिले’ म्हणून निपल पुन्हा तोंडात देत होतो. थेरपिस्टने आधी आमचा हात थांबवला. बोटे फाकणे, भुवया उंचावणे, मान फिरवणे हे तिचे ‘पुरे’ असते, हे आम्हाला तोवर कोणी सांगितलेच नव्हते. तुमचा मुलगा सुरुवातीला उत्साहाने ओढतो हे वाचून बरे वाटले. पिण्याची भीती अजून बसलेली दिसत नाही. ती बसू देऊ नका.

धागाकर्ती : बारा दिवसांनी

सर्वांचे आभार. सरकवून पाहण्याचा प्रयोग त्याच रात्री केला आणि तो उजवीकडे अकरा मिनिटे प्यायला. मी रडले, तो नाही.

थेरपिस्टने पहिली चाळीस मिनिटे त्याला हातही लावला नाही. फक्त पिणे पाहिले आणि मधूनमधून मला श्वास सोडायला सांगितले. डावीकडचा मानेचा स्नायू आखडलेला निघाला. आता बाटली देताना त्याला कुशीवर, डोके किंचित उंच ठेवून घेते, हळू प्रवाहाचे निपल वापरते आणि दर काही घोटांनंतर बाटली खाली करून त्याला श्वास घ्यायला वेळ देते. निरनिराळ्या कंपन्यांच्या ‘हळू’ निपलांचा वेग सारखा नसतो, हे मला नवीन होते. पालथे घालणे माझ्या छातीवर, दिवसातून बरेचदा पण दोन-दोन मिनिटेच, असे पुन्हा सुरू केले आहे. खेळणे डावीकडून दाखवायचे, बोलायचेही डावीकडूनच.

दहा दिवसांत १८० ग्रॅम वाढले. पिणे अर्ध्या तासावर आले. ‘टक्’ आवाज अजून येतो, म्हणून जिभेचा निर्णय पुढच्या भेटीत पिणे पाहून होईल. झोपेतले पाजणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकेक करून कमी करते आहे आणि त्याची मला अजून धास्ती वाटते.

एक प्रश्न राहिला. सहा महिन्यांनी वरचे अन्न सुरू करताना वय कोणते धरायचे, जन्मापासूनचे की दुरुस्त?

प्रतिसाद : पाणकणीस

तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण बाळाकडे पाहूनच. मान स्थिर हवी, आधाराने बसता यायला हवे, आणि चमचा लागताच जिभेने बाहेर ढकलणे कमी झालेले असावे. पिणे सुधारावे म्हणून अन्नाची घाई करू नका. तोवर त्याचे हात तोंडापर्यंत पोहोचू द्या. स्वतःची बोटे चोखणे हा चमच्याचाच सराव आहे. सुरुवातीला तो ओकारी काढल्यासारखे करेल. या वयात ओकारी आणणारा बिंदू जिभेवर बराच पुढे असतो, पुढच्या महिन्यांत मागे सरकतो. घाबरून चमचा खोल घालू नका, ओठांपाशी थांबा आणि तो तोंड पुढे करेपर्यंत वाट पाहा.