बेसबॉलचे अनवट विक्रम: क्विझसाठी बिनतोड प्रश्न हवेत

कट्टा_कोथरूड:
पुण्यात क्विझ घेतोय, शेवटची फेरी बेसबॉलची. मंडळी सगळी क्रिकेटवाली. बेब रूथ वगैरे नकोत, फारसं नाव नसलेल्यांचे पराक्रम हवेत. आणि उत्तरावर कुणाला हुज्जत घालता येऊ नये. आपल्याकडे हुज्जत घालायला अख्खी रांग उभी असते.

डावखुरा_पिचर:
हार्वे हॅडिक्स हा पिचर (चेंडू टाकणारा) घ्या. २६ मे १९५९, पिट्सबर्ग पायरेट्स (हॅडिक्सची टीम) विरुद्ध मिलवॉकी ब्रेव्ह्ज. सलग ३६ बॅटर बाद (इनिंगला तीन), म्हणजे १२ इनिंग एकही जण पहिल्या बेसवर (रनसाठी गाठायच्या चार टप्प्यांतल्या पहिल्यावर) पोचला नाही. तरी हरला, कारण समोरच्या लू बर्डेटने १२ हिट (बॅटर बेसवर पोचेल असे फटके) देऊनही रन एकही दिली नव्हती.

तेराव्या इनिंगला तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकचा थ्रो चुकला आणि फेलिक्स मँटिला बेसवर आला. मॅथ्यूजने बंट करून (बॅट नुसती टेकवून) त्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं. हँक ॲरनला मुद्दाम वॉक दिला (चार चेंडू बाहेर टाकून पहिला बेस फुकट). मग जो ॲडकॉकने चेंडू थेट कुंपणापार घातला. गंमत पुढेच आहे: मॅच संपली असं समजून ॲरन बेस सोडून निघाला, मागून धावत आलेला ॲडकॉक त्याला ओलांडून गेला, म्हणून ॲडकॉकच बाद! होमरनचा (कुंपणापारचा फटका) झाला डबल (दोन बेसचा फटका), स्कोअर १-०.

'सर्वात लांब पर्फेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न पोचलेली मॅच) कुणाचा' असं मात्र विचारू नका. १९९१ मध्ये व्याख्या बदलली: मॅच संपेपर्यंत हिट नसेल तरच नो-हिटर, आणि नो-हिटर नाही तर पर्फेक्ट गेमही नाही. हॅडिक्स त्या यादीतून गेला. 'सलग १२ पर्फेक्ट इनिंग टाकून हरलेला पिचर' असं लिहा.

बॉक्सस्कोअर:
माझं मत जोएल यंगब्लडला. ४ ऑगस्ट १९८२ ला दुपारी शिकागोत मेट्सकडून हिट, मॅच चालू असतानाच एक्स्पोजकडे ट्रेड (दुसऱ्या टीमला देणं), आणि रात्री फिलाडेल्फियात नव्या टीमकडून हिट. पिचर कोण? फर्गसन जेंकिन्स आणि स्टीव्ह कार्लटन. पुढे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत). हे जमलं कारण शिकागोच्या रिग्ली फील्डवर १९८८ पर्यंत दिवेच नव्हते, तिथली मॅच दुपारीच व्हायची. हा दुवा हिंट म्हणून ठेवा.

कट्टा_कोथरूड:
मस्त! जॉन पॅचोरेकचा १.००० ॲव्हरेज चालेल का?

बॉक्सस्कोअर:
चालेल, पण नुसतं 'आयुष्यभराचा ॲव्हरेज १.०००' लिहिलंत तर फसाल. ॲव्हरेज म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट (बॅटिंगची हिशेबात धरलेली पाळी); एकच ॲट-बॅट आणि त्यात हिट, असे बरेच आहेत. १९६३ चा सीझन, शेवटचा दिवस, ह्यूस्टन, वय १८, तीन ॲट-बॅटमध्ये तीन हिट, शिवाय दोन वॉक, हे सगळं द्या. पाचदा बॅटिंगला आला तर ॲट-बॅट तीनच कसे, हे क्रिकेटवाला विचारणारच: वॉक ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत.

डावखुरा_पिचर:
अर्नी शोर राहिला. २३ जून १९१७, बोस्टन. पिचर होता रूथ. पहिल्याच बॅटरला वॉक दिला, अंपायरशी भांडला आणि मैदानाबाहेर गेला. शोर आला, बेसवरचा रनर चोरी करताना (फटक्याशिवाय पुढच्या बेसकडे पळताना) बाद, पुढचे २६ शोरने ओळीने काढले. जुन्या पुस्तकांत हा पर्फेक्ट गेम दिसेल. आता तो रूथ आणि शोर यांचा मिळून नो-हिटर धरतात, तेव्हा उत्तरपत्रिकेत तसंच लिहा.