बायोडेटातले आकडे झाकून निवड करता येईल का?

शाईचा_डाग

गेल्या महिन्यात एका निवड समितीवर बसलो होतो. संस्था आणि विषय सांगत नाही. चाळीस अर्ज, एक दुपार. हातात आलेला तक्ता असा: पेपर किती, उद्धरणं किती (म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत त्या पेपरांचे हवाले किती वेळा दिले), एच-इंडेक्स किती (तो १० असेल, तर प्रत्येकी किमान १० उद्धरणं मिळालेले १० पेपर). पहिल्या तासात तीस अर्ज बाद झाले आणि त्यातल्या एकाचाही एकही पेपर कुणी उघडून पाहिला नव्हता. मीसुद्धा नाही. ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं: नेमणूक आणि बढतीच्या कागदांवरून हे आकडे काढूनच टाका. उमेदवाराने आपले सर्वांत चांगले तीन पेपर द्यावेत, समितीने ते वाचावेत.

असाच आणखी एक आकडा, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर. तो माणसं मोजायला निघालाच नव्हता. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये उद्धरणांच्या सूचीची कल्पना मांडली. पुढे त्यातून आलेला हा आकडा ग्रंथपालांना कोणती जर्नल्स घ्यायची हे ठरवायला कामी यायचा. जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती उद्धरणं मिळाली, एवढंच तो सांगतो. आता या सरासरीची गंमत बघा. 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए'चा फॅक्टर २००८ साली २ च्या आसपास होता, २००९ साली जवळपास ५० झाला. कारण एकच लेख. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी स्फटिकांची रचना काढायच्या आपल्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिलेला. ते सॉफ्टवेअर वापरणारा जो तो त्या लेखाचा हवाला देणार. मग त्या जर्नलात छापून आलेले बाकीचे सगळे एका वर्षात पंचवीस पट हुशार झाले?

मोजपट्टी

असहमत. शंभर टक्के.

"वाचून ठरवा" ऐकायला गोड आहे. माझ्या गाईडला कुणी ओळखत नव्हतं. मी दोन ठिकाणी मुलाखतीला गेले, दोन्हीकडे आकड्यांना महत्त्व नव्हतं, "एकूण गुणवत्ता" बघत होते. दोन्हीकडे एकूण गुणवत्ता समितीतल्याच कुणाच्या तरी विद्यार्थ्यात सापडली. तिसऱ्या ठिकाणी आकडे मागितले आणि मी आत गेले. आकडा आंधळा असतो, मान्य. पण आंधळा आहे म्हणूनच त्याला माझ्या गाईडचं वजन दिसलं नाही.

आता कुणीतरी एमआरएनए लशींमागचं संशोधन करणाऱ्या कॅटलिन कॅरिको यांचं नाव काढेलच, तर मीच काढते. १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं, २०२३ मध्ये नोबेल मिळालं. आकड्यांनी केलेला अन्याय म्हणून हे उदाहरण फिरतं. पण त्यांचे अनुदानाचे अर्ज एकामागून एक नाकारले कुणी? एच-इंडेक्स हिर्श यांनी २००५ मध्ये काढला, तेव्हा तो नव्हताच. नाकारले ते अर्ज वाचणाऱ्या तज्ज्ञांनी.

उंबरठा

मी डॉक्टर, ओपीडी संपवून लिहितोय. मोजपट्टी, तुमच्या अनुभवाशी वाद नाही. पण तुमचा आंधळा आकडा विकत मिळायला लागला की काय करायचं? बढतीला पेपर हवेत आणि दिवसभर रुग्णांची रांग, म्हटल्यावर पेपर लिहून देणारे कारखाने उभे राहणारच. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांवर पेपर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांहून जास्त एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे. इंजिनिअरिंगमधला खोटा पेपर नुसता पडून राहत असेल. आमच्याकडे तो आधी आढाव्यात शिरतो, तिथून उपचाराच्या मार्गदर्शक सूचनांत आणि मग माझ्या चिठ्ठीवर.

शिवाय उद्धरण म्हणजे कौतुकच असं कोण म्हणालं? लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा 'लॅन्सेट'मधला १९९८ चा पेपर फक्त १२ मुलांवरचा होता, तो २०१० मध्ये मागे घेतला. त्याला शेकड्यांनी उद्धरणं आहेत, बरीचशी तो कसा चुकीचा आहे हे सांगणारी. शिवी आणि शाबासकी एकाच खात्यात जमा!

नटबोल्ट

डॉक्टर, "पडून राहतो" हे मागे घ्या. धातू किती फेऱ्यांनी थकून तडकतो याचे खोटे आकडे छापले, तर त्या भरवशावर कुणीतरी टर्बाइनचं पातं बनवतं.

बाकी मी आकड्यांच्या बाजूने. फक्त रकाने बदला. कॉम्प्युटरवाल्यांचं उत्तम काम परिषदांत येतं, आणि कितीतरी फॉर्मवर परिषदेला जागाच नसते.

तळटीप

रकाने बदलून भागणार नाही. एका हस्तलिखिताची चिकित्सक आवृत्ती करायला मला नऊ वर्षं लागली. सगळ्या प्रती जमवणं, पाठभेद टिपणं, कुठल्या लेखनिकाची चूक कुठल्या प्रतीत उतरली ते शोधणं. तक्त्यात त्याचा आकडा १. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या पेपरला ५,१५४ लेखक आहेत. ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्था. त्या प्रत्येकाच्या खात्यातही १. त्यांच्यावर राग नाही, तेवढे हात लागतातच त्या कामाला. पण माझा १ आणि त्यांचा १ एकाच बेरजेत? आमच्या पुस्तकाचं पहिलं बरं परीक्षण यायलाच तीन वर्षं जातात. दोन वर्षांच्या खिडकीत आम्ही दिसतच नाही.

मोजपट्टी

मग शाखेपुरतं मोजा. नाहीतर तुमचं हस्तलिखित वाचून निकाल देणारे जगात किती जण आहेत, ते तरी सांगा.

तळटीप

तिघे. एक माझे गाईड. दुसरे माझ्याशी बोलत नाहीत.

शाईचा_डाग

हे लागलं. तिसऱ्यांवर सगळा भार टाकून निवड करायची नाही म्हणजे.

मोजपट्टींचा कॅरिकोंबद्दलचा मुद्दाही मला खोडता येत नाही. आणि चाळीस अर्जांचे प्रत्येकी तीन म्हणजे १२० पेपर, एका दुपारी शक्यच नाही. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलंय की माणसाचं मूल्यमापन जर्नलच्या आकड्यावरून करू नका. सह्या करणाऱ्यांची कमी नाही. वेळ कुठून आणायचा हे मात्र सही करून सुटत नाही.

म्हणून नवा प्रस्ताव. किमान अटीत बसणाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाका, निघतील ते दहा नीट वाचा. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून काही अनुदानं अशीच दिली आहेत.

नटबोल्ट

चिठ्ठ्या?! वीस वर्षं घासायची आणि शेवटी सोडत?

उंबरठा

त्यात एवढं काय? नव्या औषधाच्या चाचणीत औषध कुणाला आणि साखरेची गोळी कुणाला, हे आम्ही चिठ्ठीवरच ठरवतो. आणि त्यावरच सगळ्यांत जास्त विश्वास ठेवतो.

मोजपट्टी

चिठ्ठीलाही गाईड दिसत नाही. मला चालेल. पण किमान अट कोण ठरवणार, तिथे पुन्हा भांडेन.

एक राहिलं, शाईचा_डाग. त्या तीस जणांचे पेपर नंतर तरी उघडलेत का?

शाईचा_डाग

काल रात्री दोघांचे उघडले. एकाला बोलवायला हवं होतं. दुसऱ्याचं काम तक्त्यात दिसत होतं तेवढंच निघालं. अठ्ठावीस बाकी आहेत.