जुनापाणीची शिळावर्तुळं: कधी जावं, काय पाहावं?

नागपूरजवळ काटोल रस्त्यावरची जुनापाणीची वर्तुळं, म्हणजे दगडांच्या गोलातल्या जुन्या कबरी, पाहायची आहेत. नुसत्या दगडांत कबर ओळखायची कशी जी?

उत्तर १: भाऊ, दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात गवतात दगड दिसत नाहीत, काळी माती बुटाला चिकटते. कडेला मोठे धोंडे गोलाकार, मधला भाग गोटे-मातीच्या भरावानं किंचित उंच, ही खूण. शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) वेचून टाकलेल्या दगडांना असा गोल नसतो. एका वर्तुळावर थांबू नका, इथं सुमारे ३०० आहेत.

उत्तर २: काही धोंड्यांवर ओळीनं कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. भर दुपारी ते सपाट दिसतात. सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात सावली पडली की उठून येतात. फोटोसाठी खडू फासू नका. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये या वर्तुळांवर लिहिलं, १९६२ च्या सुमारास पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं. लोहयुगातली दफनं आहेत.

उत्तर ३: नागपूर जिल्ह्यात अशीच वर्तुळं असलेल्या माहूरझरीला घोड्यांची हाडं, तांब्याचे अलंकार सापडले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. पण वस्तू संग्रहालयातच पाहायच्या. जागेवर खापर दिसलं तरी उचलू नका, संरक्षित स्थळ आहे. शिवाय जागेवरून हललं की ते कोणत्या कबरीचं, हे कळायचा मार्गच संपतो.